उपासाच्या दिवशीचे थेंब

आधीच सांगून टाकते, हे मी शांत डोक्याने लिहीत नाहीये. आजारातून उठलेली माणसं लिहायला बसली की म्हणतात, आजाराने मला जगायला शिकवलं, मी त्याची ऋणी आहे. मी कसली ऋणी? काचबिंदूने माझा उजवा डोळा निम्मा खाल्ला आणि डाव्याकडे वळला होता. त्याचे आभार मानण्याएवढी मी थोर नाही. लिहिते आहे ते एवढ्यासाठी, की माझ्या बाबतीत जे झालं ते अजून कितीतरी बायकांच्या घरी गुपचूप चालू आहे. त्या बायकांना हे कोणीतरी वाचून दाखवावं.

मी सिंधू. माहेर आणि सासर दोन्ही धुळे जिल्ह्यातलं, पण संसार सगळा सुरतेत, लिंबायतमध्ये. नवरा लूमवर कामाला. एकच मुलगी, जयश्री, आमची जयू. ती कपड्याच्या मार्केटात एका दुकानात बिलं बनवते. मी दहावी झालेली आहे, वाचायची आवड आहे आणि तोंडाने फटकळ आहे. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवा.

सुई दिसेना

मी घरी लेसपट्टीचं काम करते. मार्केटातून साड्यांच्या पोटल्या येतात. काठाला मशीनवर लेस लावायची, धागे कापायचे, घड्या घालून परत पाठवायच्या. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरात हेच चालतं. एके दिवशी जरीचा तुकडा उडून डाव्या डोळ्यात गेला. मी तो डोळा हाताने दाबून धरला आणि उजव्या डोळ्याने मशीनच्या पायाकडे, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पट्टीकडे पाहिलं. पाय दिसत होता, पायाखालची साडी दिसत होती, पण वरची सुई नव्हती. सुईच्या जागी नुसतं धुरकट. हात काढला, सुई जागेवर. परत दाबला, सुई गेली. लहान पोरासारखा हा खेळ मी बराच वेळ केला आणि मग मला दरदरून घाम फुटला.

रागाचं पहिलं कारण इथेच सांगते. त्याआधीची काही वर्षं मी आमच्याच भागातल्या एका डोळेवाल्याकडे जात होते. दाराची चौकट उजव्या खांद्याला लागते, बाजूला ठेवलेला चहाचा कप हाताने उडतो, अशी माझी तक्रार. तो दर वेळी चष्म्याचा नंबर बदलून द्यायचा आणि म्हणायचा, “उमर थई, बेन.” वय झालं म्हणे! मी तेव्हा पंचेचाळिशीचीही नव्हते. डोळ्याच्या मागे काय चाललंय ते त्याने एकदाही बत्ती मारून पाहिलं नाही.

जयू मला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तपासण्या झाल्या, बुबुळं मोठी करायचे थेंब घातले, डोळ्याचं प्रेशर मोजलं. मग डॉक्टर माझ्याकडे न बघता जयूला म्हणाले, “मम्मीने झामर छे.” झामर म्हणजे काचबिंदू. डोळे माझे, झामर मला, आणि सांगणं मुलीला. मी म्हटलं, “डॉक्टरसाहेब, मी बहिरी नाही. मला सांगा.” तेव्हा त्यांनी खुर्ची वळवली. म्हणाले, डोळ्यातलं प्रेशर वाढून मागची नस सुकत जाते. गेलेली नजर परत येत नाही, असलेली सांभाळायची. रोज सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे, आयुष्यभर.

घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, “मोतिया शे ना? मंग काढी टाकू!” मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे, हा काढता येत नाही, असं मी सांगितलं. ते चप्पल घालून बाहेर गेले आणि येताना माझ्यासाठी खमण घेऊन आले. आमच्याकडे सांत्वन असंच करतात.

केसाएवढी जाडी

ज्यांना हा आजार नवीन आहे त्यांच्यासाठी त्या मशीनबद्दल थोडं सांगते, कारण माझी सगळी कथा त्या मशीनवरच फिरली. डोळ्याच्या पडद्याचं स्कॅन म्हणतात त्याला. एका पट्टीवर हनुवटी ठेवायची, कपाळ टेकवायचं, आत दिसणाऱ्या हिरव्या खुणेकडे बघत राहायचं. दुखत नाही, काही टोचत नाही. मशीन डोळ्यामागच्या नसेच्या तंतूंचा थर किती जाड आहे ते मोजतं. हा थर साधारण डोक्याच्या एका केसाएवढा असतो आणि काचबिंदूत तो झिजत जातो. माणसाला दिसायचं कमी होण्याच्या बरंच आधी मशीनला ती झीज कळते. म्हणून दर काही महिन्यांनी स्कॅन करायचं असतं.

कागदावर रंग येतात. तुमचा आकडा तुमच्या वयाच्या निरोगी माणसांच्या आकड्यांत बसला तर हिरवा, काठावर असला तर पिवळा, बाहेर पडला तर लाल. माझ्या पहिल्या कागदावर उजवा डोळा लालभडक होता, आकडा एकसष्ट. डावा हिरवा, ब्याण्णव. उजव्यासाठी मी घरी येऊन रडले. मग पदर खोचला आणि ठरवलं की काही झालं तरी ब्याण्णव सोडायचा नाही. सुईत दोरा डाव्यामुळे जात होता, लिंबायतच्या रिक्षांतून रस्ता डाव्यामुळे ओलांडता येत होता. माझं जे काही उरलं होतं ते त्या एका डोळ्यात होतं.

गुरुवार

काचबिंदूचे डॉक्टर दवाखान्यात सोमवारी आणि गुरुवारी बसायचे. मी नेहमी गुरुवार घ्यायची. सोमवारी माझा उपास असतो, उपाशीपोटी तिथे तासन्‌तास बसवत नाही, असा साधा हिशेब.

तिथला दिवस कसा जायचा ते ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे. या खिडकीतून त्या खिडकीत. एकीकडे नाव, दुसरीकडे प्रेशर, तिसरीकडे थेंब, मग डोळे मिटून बाकावर बसायचं. बुबुळं फाकली की समोरचं सगळं पांढरंफटक होतं आणि तशात कोणी तरी ओरडतं, “ओ माजी, आगे चलो!” माजी! माझ्यापेक्षा मोठा माणूस मला माजी म्हणायचा. मी एकदा त्याला म्हटलं, “काका, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे.” त्यानंतर तो मला “ओ बेन” म्हणू लागला.

चांगलंही सांगायला हवं. स्कॅनच्या मशीनवर भेस्तानची एक मुलगी होती, हिना. पापणी खाली आली की ती दोन बोटांनी अलगद वर धरायची. आईने काजळ घालावं इतकी अलगद. “हलशो नहीं हं मासी, बस, थई गयुं,” हलू नका, झालंच, असं म्हणत राहायची. तेवढ्या वेळापुरती भीती जायची.

दर वेळी ठरलेलं वाक्य मिळायचं. प्रेशर सारुं छे. डावो ग्रीन छे. टीपां चालु राखो. म्हणजे प्रेशर ठीक, डावा डोळा हिरवा, थेंब चालू ठेवा. मी खुशीत घरी. असं दीड वर्ष चाललं.

जयूचं लग्न

मधल्या काळात घरात एक भांडण झालं. तेही लिहिते, कारण ते घराघरात होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो, मुलीचं स्कॅन करून घ्या. जयूसाठी तेव्हा स्थळं बघणं चालू होतं. आमचे हे म्हणाले, “लगीन व्हवू दे, मंग दखू.” कागदावर काही निघालं आणि नातेवाइकांत बभ्रा झाला तर पोरीला कोण करून घेईल, ही त्यांची भीती.

मी भडकले. म्हटलं, माझा उजवा डोळा गेला तो कोणी वेळेवर बघितला नाही म्हणून. आता पोरीचाही तसाच जाऊ द्यायचा का, मांडवाची शोभा राहावी म्हणून? सोयऱ्यांना आंधळी सून चालेल, तपासलेली चालणार नाही, असं आहे का? ह्यांना वाईट वाटलं हे मला दिसत होतं. तरी मी बोलत राहिले.

जयूने आमची दोघांची वाट पाहिलीच नाही. दुकानातून जेवणाच्या सुट्टीत एकटी जाऊन स्कॅन करून आली आणि कागद टीव्हीवर टेकवून ठेवला. दोन्ही डोळे चांगले होते. तिच्या बापाने कागद पाहिला आणि आत जाऊन देवापुढे दिवा लावला. माझ्याशी मात्र दोन दिवस बोलले नाहीत.

तीन कागद

मग त्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर आले. आमचे जुने डॉक्टर रजेवर होते. त्या दिवशी जयू माझ्याबरोबर होती. या पोराने माझी फाइल उघडली आणि मी आजवर कोणाला करताना पाहिलं नव्हतं ते केलं. स्कॅनचे तिन्ही कागद काढले आणि टेबलावर एकमेकांशेजारी मांडले. मग चष्मा वर सरकवून बराच वेळ बघत बसले.

“डावा डोळा कमी होतोय,” ते म्हणाले. बडोद्याकडचे होते, पण मराठी बोलायचे.

“तो तर हिरवा आहे,” मी म्हटलं.

“तिन्ही वेळा हिरवाच आहे. पण आकडे बघा. ब्याण्णव, सत्याऐंशी, एक्याऐंशी. दुसऱ्यांच्या मानाने तुमची नस अजून ठीक आहे. तुमच्याच मागच्या आकड्याच्या मानाने ती घसरत चाललीय. एखाद-दुसऱ्या आकड्याचा फरक मशीनमुळेही पडतो, पण हा तेवढा लहान नाही. असंच चाललं तर डावाही उजव्याच्या वाटेने जाईल.”

माझे कान तापले. दीड वर्ष मी हिरवा रंग बघून पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. तिन्ही कागद त्याच फाइलीत एकावर एक पडून होते आणि त्यांना शेजारी शेजारी ठेवायला कोणाला वेळ झाला नाही. मला दुसऱ्या बायकांच्या डोळ्यांशी काय करायचंय? माझा डोळा काल कसा होता आणि आज कसा आहे, एवढंच मला पाहिजे. त्यासाठीच तर पुन्हा पुन्हा त्या पट्टीवर हनुवटी टेकवत होते ना!

त्यावर डॉक्टरांनी विचारलं, “थेंब नीट घालता ना?”

“घालते.”

“रोज?”

“रोज. दोन्ही वेळा.”

“खरं सांगा, बेन. प्रेशर ठीक दिसतंय आणि नस झिजतेय. बरेच पेशंट तपासणी आली की दोन-चार दिवस आधी थेंब घालायला लागतात आणि आम्हाला रोज म्हणून सांगतात.”

मला खोटारडी म्हटलं की माझा ताबा सुटतो. मी उभी राहिले. म्हटलं, “मी नात्यातल्या लग्नाच्या मांडवातसुद्धा पर्समधून बाटली काढून थेंब घातलेत. भुसावळच्या गाडीत उभ्याने घातलेत. माझी बाटली महिन्याला संपते की नाही, औषधाच्या दुकानात जाऊन विचारा. तुमच्याकडे कागद होते, ते तुम्ही पाहिले नाहीत, आणि चोर मी?” बाहेरच्या बाकावरची माणसं डोकावायला लागली. जयूने माझा हात धरून मला बाहेर काढलं. रिक्षात मी कतारगामच्या माझ्या मावसबहिणीला फोन लावून त्या डॉक्टरला इतक्या शिव्या घातल्या की रिक्षावाला आरशातून बघायला लागला.

शिव्या देऊन झाल्यावर भीती आली. थेंब घालूनही डोळा जात असेल तर मग करायचं काय? घरी आल्यावर मी उजवा डोळा झाकला आणि डाव्याने खोलीतली एकेक वस्तू बघत सुटले. कॅलेंडर, घागर, ह्यांचा शर्ट, जयूची ओढणी. सगळं दिसत होतं. हे सगळं एक एक करून कमी होणार, या विचाराने मला जेवण गेलं नाही.

चतुर्थी

त्यानंतर काही दिवसांनी संकष्टी चतुर्थी आली. सकाळी जयू दुकानात निघताना म्हणाली, “आई, थेंब घातलेस?”

“आज चतुर्थी आहे ना,” मी म्हटलं.

ती दारातच थांबली. “मग?”

“मग काय? आज उपास.”

“आई, थेंब डोळ्यात घालायचेत.”

आता हे जरा उलगडून सांगते. माझं औषध डोळ्यात घातलं की थोड्याच वेळात घशात उतरायचं. कडू जहर. जिभेच्या मुळाशी बराच वेळ चव राहायची. माझे उपास कडक. पाणी आणि कपभर दूध, दुसरं काही नाही. सासूबाईंच्या हाताखाली ही सवय लागली. जे घशाखाली उतरतं ते खाणंच, अशी आमच्या घरची समजूत. म्हणून उपासाच्या दिवशी मी बाटलीला हात लावायची नाही. पहिल्या आठवड्यापासूनच. त्यात मला काही वावगंही वाटलं नव्हतं.

जयू खालीच बसली. “किती उपास करतेस तू?” सोमवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या, नवरात्राचे नऊ दिवस, हरतालिका, शिवरात्र. मी बोटांवर मोजायला गेले आणि बोटं संपली. तपासणीला मात्र मी नेहमी गुरुवारी जायची, बुधवारी आणि गुरुवारी सकाळी थेंब घालून. म्हणून तिथलं प्रेशर बघावं तेव्हा छान. ते कधी चढायचं ते कोणाला कळलंच नाही. फक्त नसेला कळत होतं, आणि मशीनला.

“तू डॉक्टरला रोज म्हणालीस!” जयू रडवेली झाली.

“रोजच घालते,” मी म्हटलं आणि मला तेव्हाही ते खरंच वाटत होतं. मी रोज जेवते असं आपण म्हणतो की नाही? म्हणजे उपासाला जेवतो का? ते कोणी वेगळं सांगत नाही. सगळ्यांना ठाऊकच असतं.

बोट

मी दुसऱ्याच दिवशी त्या तरुण डॉक्टरकडे गेले. वार, नंबर काही न बघता. दारात उभी राहून सगळं सांगितलं. ते म्हणाले, “हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

“तुम्ही का नाही विचारलं? दवाखाना सुरतेत आहे. बाहेरच्या बाकांवर निम्म्या बायका आज ना उद्या उपाशी असतात. साखर तपासायची तर तुम्ही उपाशी या म्हणून बजावता. थेंब देताना उपास करता का, हे विचारायला काय होतं?”

त्यांनी वाद घातला नाही, हे त्यांचं मोठेपण. खुर्ची पुढे ओढली. माझ्या डोळ्यात साधा थेंब घातला, माझंच बोट धरून नाकाजवळच्या डोळ्याच्या कोपऱ्यावर ठेवलं आणि म्हणाले, “डोळा मिटा आणि इथे हलकं दाबून धरा. दोन मिनिटं. डोळ्यातून घशाकडे जाणारी नळी इथे आहे. ती दाबली की औषध डोळ्यातच राहतं, खाली उतरत नाही.”

घरी येऊन माझ्या औषधाने तसंच केलं. जीभ फिरवून पाहिली. काही नाही. कडू नाही, गोड नाही, काहीच नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. मला शिलाईचं मशीन उचलून फेकावंसं वाटलं. एका बोटाचं काम होतं हो! दीड वर्षात ज्यांनी ज्यांनी माझ्या हातात ती बाटली दिली, त्यांतल्या एकानेही बोट कुठे ठेवायचं ते दाखवलं नाही. बाटलीच्या डब्यात घडी घातलेला लांबलचक कागद असतो, त्यावर मुंगीएवढी अक्षरं. डोळे गेलेल्या माणसाने वाचायला दिलेला कागद! ब्याण्णवचे एक्याऐंशी झाले ते परत येणार नाहीत. माझ्या देवाने मला असा उपास कधी सांगितला नव्हता. पण डॉक्टरनेही कधी सांगितलं नव्हतं की उपास आणि थेंब दोन्ही होतात.

जावेला हे सांगितलं तर ती म्हणाली, “पण आज्याची रीत व्हती ना, उपासले औषध नही.” मी म्हटलं, आज्याच्या काळी डोळे गेले की माणूस ओट्यावर बसून राहायचा, तीही रीतच होती. ती पाळायची का?

श्रावणी सोमवार

पुढच्या स्कॅनला मी मुद्दाम सोमवार घेतला. श्रावणातला सोमवार, कडक उपास आणि सकाळी डोळ्यात थेंब. काय व्हायचं ते होऊ दे म्हटलं.

दवाखाना तुडुंब भरलेला. बुबुळं मोठी करायचे थेंब घालून आम्ही बायका बाकावर ओळीने डोळे मिटून बसलो होतो. माझ्या शेजारी एक खानदेशी बाई होत्या, साठीच्या, हातात पिशवी घट्ट धरलेली. नाव कमलबाई. लेकाने आणून सोडलं होतं आणि तो कामावर गेला होता. जप चालला होता म्हणून मी विचारलं, “उपास शे का तुमले?”

“हाव ना. श्रावणना सोमवार.”

मी त्यांच्याकडे सरकले. “मंग सकाळले थेंब टाकात का डोळामा?”

“उपासना दिन?” त्या दचकल्या. “नही वं माय! ते घसामा उतरस. कडू जहर लागस.”

त्यांनी मला पिशवी उघडून दाखवली. आत तीन बाटल्या. “पहिले एकच व्हती,” त्या म्हणाल्या. “पण माले सोमवारनाच नंबर भेटस. दर वखत प्रेशर जास्त निघस, आन डॉक्टर आखो एक बाटली लिखी देस.”

म्हणजे बघा. मी गुरुवारी यायची, म्हणून माझं प्रेशर चांगलं दिसलं आणि डोळा झिजत राहिला. या बाई सोमवारी यायच्या, उपाशी, थेंब न घालता. प्रेशर चढलेलं दिसायचं, मग आणखी एक औषध. एकीला खोटारडी ठरवलं, दुसरीला तीन बाटल्या दिल्या. प्रश्न मात्र दोघींनाही विचारला नाही.

मी उभी राहिले. नीट दिसत नव्हतं, बुबुळं फाकलेली. तरी मोठ्याने विचारलं, मराठीत, मग मोडक्यातोडक्या गुजरातीत, की आज कोणाकोणाचा सोमवार आहे? बाकांवरून आवाज यायला लागले. मारे छे. माझा आहे. माले बी शे. मग विचारलं, यातल्या किती जणींनी आज सकाळी थेंब घातले? एका बाईने घातले होते. बाकी एकीनेही नाही.

“बेन, बैठ जाओ,” कोणीतरी ओरडलं. मी नाही बसले. तेवढ्यात हिना मशीनच्या खोलीच्या दारात आली. तिने माझं नाव पुकारायला सुरुवात केली, पण अर्ध्यावरच थांबली. मग आत जाऊन तरुण डॉक्टरांना घेऊन आली. मी म्हटलं, “साहेब, आता विचारा यांना. मी विचारलंय, पण तुम्ही विचारलेलं बरं.”

ते बाकाजवळ आले. आधी वाटलं, आता मला रागावणार. ते म्हणाले, “आपण भिंतीवर मोठा बोर्ड लावू.”

“बोर्ड कोण वाचणार?” मी म्हटलं. “नीट वाचता येत असतं तर आम्ही इथे कशाला आलो असतो?”

त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, नुसता पांढरा डगला दिसत होता. तो डगला खाली झाला. डॉक्टर कमलबाईंसमोर उकिडवे बसले आणि विचारलं, “मावशी, आज थेंब घातले नाहीत का?” कमलबाई घाबरून माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, “सांगा. खरं सांगा.” त्यांनी सांगितलं.

माझं स्कॅन त्यानंतर झालं. डाव्याचा आकडा एक्याऐंशीच निघाला. घसरण थांबली आहे असं डॉक्टर म्हणाले. अजून दोन-तीन वेळा मोजल्यावर खात्रीने सांगतो, असंही म्हणाले. मला तेवढं पुरे. ब्याण्णवची हाव मी सोडली आहे.

बाहेर आले तर कमलबाई बाकावरच होत्या. हिनाने त्यांच्या एका बाटलीतला थेंब त्यांच्या डोळ्यात घातला होता आणि त्यांचं बोट नाकाजवळच्या कोपऱ्यावर धरून ठेवलं होतं. दोन मिनिटं झाल्यावर तिने बोट सोडलं. कमलबाईंनी जीभ टाळूला लावून पाहिली, गिळून पाहिलं.

“काहीच लागत नही वं,” त्या म्हणाल्या.

“किती वर्षं झाली तुम्हाला या औषधावर?” मी विचारलं.

“सहा,” त्या म्हणाल्या, आणि माझा आवाज कुठून आला ते शोधत चेहरा भलत्याच बाजूला वळवला.